गोव्यात पिच स्पर्धा भरवायची तर

पिच स्पर्धा म्हणजे नव्या धंदेवाल्यांनी मोजक्या मिनिटांत परीक्षकांपुढे आपला धंदा मांडायचा. ती भरवायची तर सगळ्यात आधी तारीख ठरवावी लागते, आणि चुकते तीच. डिसेंबर-जानेवारी विसरायचे. ज्यांनी समोर बसायला हवे ते हॉटेलवाले, टॅक्सीवाले, बोटवाले सीझनमध्ये मान वर काढत नाहीत, आणि बाहेरून परीक्षक बोलवायचा तर त्याच्या खोलीचे भाडेच बजेट खाते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मग जुन्या गोव्याचे फेस्त, जानेवारीत म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा, पुढे कार्निव्हल नि शिगमो, मेमध्ये लग्ने. चतुर्थीच्या मागेपुढे तर पंधरा दिवस कोणी फोनही उचलत नाही. उरतो जुलै आणि ऑगस्टचा पहिला आठवडा. धो धो पाऊस असतो, वीज जाते, तरी आम्ही हाच काळ धरतो. पावसात हॉटेलांचे खरेदी व्यवस्थापक मोकळे असतात, आणि ते आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे पाहुणे आहेत. का, ते पुढे येईलच.

जागेचे म्हणाल तर पणजीत केले की काणकोण-सांग्याची मुले येत नाहीत, मडगावात केले की पेडण्याची येत नाहीत. फोंडा दोघांनाही सारखाच गैरसोयीचा, म्हणून योग्य. वाळपईला जाणारी शेवटची सोयीची बस कधी सुटते ते आधी विचारून घ्यायचे आणि कार्यक्रम त्यावरून मागे मोजत आखायचा. पाचला संपवायचा म्हणजे पाचलाच.

एकूण दहा आठवडे लागतात. पहिले तीन खरेदीदार, प्रायोजक नि परीक्षक पक्के करण्यात जातात. पुढचे तीन आठवडे अर्ज खुले. एक आठवडा छाननी, दोन शनिवारी तयारीचे वर्ग, शेवटच्या आठवड्यात रंगीत तालीम आणि अंतिम फेरी. कमी वेळात होते, पण मग पोस्टर चांगले होते आणि पिच वाईट.

अर्जात आम्ही सातच प्रश्न ठेवतो. पैसे कोण देतो? गेल्या तीन महिन्यांत किती जणांनी दिले? एक नग किंवा एक सेवा कितीला विकता? तो तयार करायला किती लागतात? पूर्णवेळ कोण आहे? आजवर काय बनवले? आणि पैसे सोडून काय हवे? सहाव्या प्रश्नाला मोबाईलवर काढलेला साठ सेकंदांचा व्हिडिओ चालतो, एडिटिंग नको. ‘तुमचे व्हिजन काय’ हा प्रश्न आम्ही काढून टाकला, कारण त्याची सगळी उत्तरे एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसायची. सातवा प्रश्न मात्र सोन्याचा. तिथे लोक लिहितात: बाटल्या भरायचे यंत्र आठवड्यातून एक दिवस हवे, बेताळभाटीला कोल्ड स्टोरेजमध्ये कोपरा हवा, जर्मन पाहुण्यांशी बोलणारे कोणी हवे. ही यादी स्पर्धेपेक्षा जास्त दिवस टिकते.

छाननीचा वेळ सगळे कमी धरतात. साठ अर्ज आले, प्रत्येक अर्ज तिघांनी वाचला आणि एका वाचनाला बारा मिनिटे लागली, तर छत्तीस तास होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बारा. हे काम रविवारी दुपारी एकत्र बसून करू असे कोणी म्हणाले की समजावे, शेवटचे वीस अर्ज नीट वाचले जाणार नाहीत. अर्ज तिघांना वेगवेगळ्या क्रमाने द्यावेत. सगळ्यांचा कंटाळा एकाच अर्जावर यायला नको.

नाकारलेल्या प्रत्येकाला तीन ओळींचे उत्तर जाते: काय आवडले, काय अडले, आधी काय करून यावे. ‘आपला अर्ज निवडला गेला नाही, शुभेच्छा’ एवढेच लिहिले तर तो माणूस पुन्हा दिसत नाही. आणि बारा तालुक्यांच्या या राज्यात माणसे परत-परत दिसली तरच काही उभे राहते.

कागदपत्रांत एक घोळ दरवेळी होतो. ‘आमचे स्टार्टअप रजिस्टर्ड आहे’ असे म्हणणारा कशाबद्दल बोलतोय ते विचारावेच लागते. उद्यम नोंदणी ही लघुउद्योगाची, ती एकल मालकीच्या धंद्यालाही मिळते. केंद्राची स्टार्टअप इंडियाची मान्यता वेगळी, ती एकल मालकीला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी असे काहीतरी लागते. आणि गोवा सरकारच्या स्टार्टअप धोरणाखालचे प्रमाणपत्र तिसरेच. हे धोरण २०१७ साली आले, २०२१ साली नवे झाले, आणि त्याचे काम माहिती तंत्रज्ञान खात्याचा स्टार्टअप विभाग पाहतो. तिन्ही प्रमाणपत्रांचे फायदे वेगळे आहेत. आम्ही स्पर्धेला यातले एकही सक्तीचे करत नाही, फक्त कोणते आहे तेवढे लिहून घेतो.

आणखी एक गोष्ट तयारीच्या पहिल्याच वर्गात सांगायची. जाहीर मंचावर शोध उघड केला की पेटंटसाठी त्याचे नावीन्य धोक्यात येते. यंत्र किंवा प्रक्रिया खरोखर नवी असेल तर आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकून यावे. व्यक्ती आणि स्टार्टअपसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण अर्जाला पुढे बारा महिने मिळतात. परीक्षकांकडून गोपनीयतेच्या करारावर सह्या घेऊ असे काही जण सुचवतात. दीडशे माणसे सभागृहात बसलेली असताना त्या सह्यांचे काय लोणचे घालायचे?

तयारीचा खरा वर्ग आकड्यांचा. समजा एक चमू भिरंडांचे (कोकमाच्या फळांचे) आगळ, म्हणजे खारवलेला रस, बाटलीत घालून विकतोय. डेकवर, म्हणजे पिचच्या स्लाइडवर, लिहिलेले असते: किंमत २०० रुपये, खर्च १००, मार्जिन ५० टक्के. फळ्यावर आम्ही तेच पुन्हा मांडतो. आकडे सोयीचे घेतलेत, रीत पाहा. अर्ध्या लिटरची बाटली, एमआरपी २००. दुकानदार २५ टक्के घेतो, गेले ५०. वितरक १० टक्के, गेले २०. भिरंडे नि मीठ ६०, बाटली-झाकण-लेबल २२, गाडीभाडे १०, फुटतूट आणि परत आलेला माल ८. खर्च खरोखर १०० च आहे, त्यात चमू खोटे बोलत नाही. पण हातात उरतात ३० रुपये, आणि एमआरपीतला जीएसटी, विजेचे बिल, पगार हे सगळे त्यातूनच. एवढे मांडून झाले की मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास विचारतो, ‘पुण पयशे खंय उरतात?’ पण पैसे उरतात कुठे?

मग दुसरा हिशेब. तेच आगळ पाच लिटरच्या कॅनमधून थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले तर? अर्ध्या लिटरमागे भाव १२० च मिळेल. पण दुकानदार नाही, वितरक नाही, लेबलाचा थाट नाही. माल ६०, कॅन ५, गाडी ६, म्हणजे ७१. उरले ४९. भाव ८० रुपयांनी उतरला आणि हातात १९ जास्त आले. ही ओळ फळ्यावर आली की अर्ध्या चमूंची डेक बदलते, आणि बदलायलाच हवी.

पुढचा प्रश्न परीक्षकही विसरतात. भिरंडे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस सुरू झाला की संपली. महिन्याला हजार बाटल्या वर्षभर विकायच्या तर बारा हजार बाटल्यांचा कच्चा माल जूनच्या तोंडाशी घरात हवा. बाटलीमागे ६० धरले तर ७ लाख २० हजार रुपये दोन महिन्यांत मोजायचे आणि ते वर्षभर हळूहळू परत यायचे. त्यामुळे ‘मार्केटिंगसाठी ५० लाख हवेत, १० टक्के हिस्सा देऊ’ ही स्लाइड चुकीची ठरते. या चमूला हवे आहे ते खेळते भांडवल, आणि ते बँकेकडे किंवा सोसायटीकडे मागायचे असते. गुंतवणूकदाराला हिस्सा देऊन भिरंडे विकत घेणे म्हणजे घर गहाण टाकून पावसाळ्याची बेगमी करणे. काजू, आंबा, सुकी मासळी, मीठ, इथले बहुतेक धंदे असेच दोन महिन्यांवर बारा महिने जगणारे आहेत. ज्या परीक्षकाने फक्त ॲपवाले पाहिलेत त्याला हे सांगून ठेवावे लागते.

खाद्यपदार्थांच्या चमूंना एक प्रश्न वेगळा विचारतो. गोव्याच्या काजूला, मानकुराद आंब्याला आणि बेबिंकाला २०२३ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, फेणीला तर २००९ सालीच. ते नाव लेबलावर वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. आहे का? बहुतेकदा नसते, आणि करायची कुठे हेही ठाऊक नसते.

स्लाइड दहा पुरतात, अक्षर मागच्या रांगेतून वाचता आले पाहिजे. यावर जास्त वेळ घालवत नाही. भाषेवर मात्र घालवतो. जो माणूस आपल्या गिऱ्हाइकाशी कोकणीत किंवा मराठीत फाडफाड बोलतो तो इंग्रजीत उभा राहिला की पाठ केलेले म्हणू लागतो, आणि प्रश्न आला की गडबडतो. म्हणून नियमावलीतच लिहिलेले असते: कोकणी, मराठी, इंग्रजी, हिंदी, कुठलीही चालेल, मिसळ केली तरी चालेल; स्लाइडवरचे आकडे तेवढे इंग्रजीत ठेवा. भाषेला गुण नाहीत. परीक्षकांपैकी निदान दोघांना कोकणी नीट कळते हे आधीच पाहायचे. दुभाषा लावून पाहिला, पण पाच मिनिटांतली दोन त्यातच जातात.

परीक्षक पाच घ्यावेत: एक बँकेतला किंवा गुंतवणुकीतला, एक कारखाना चालवलेला, एक खरेदी करणारा, एक सीए आणि एक असा फाउंडर ज्याचा धंदा निदान तीन वर्षे टिकलाय. खुर्ची मानाची म्हणून कोणाला बसवू नये. आता गोव्यातली खास अडचण. इथे प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा असतो. परीक्षक आणि चमू यांचे नाते, शेजार, एकच कॉलेज, एकच देवस्थान, काहीतरी निघतेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. तालमीच्या आदल्या दिवशी परीक्षकांना चमूंची नि संचालकांची यादी पाठवायची आणि ज्यांच्याशी संबंध आहे त्यांच्यापुढे खूण करायला सांगायचे. त्या चमूला तो परीक्षक गुण देत नाही, प्रश्न मात्र विचारू शकतो. ही यादी निकालाबरोबर जाहीर करतो. पहिल्या वेळी कुजबुज होते, दुसऱ्या वेळी बंद होते.

गुणांची बेरीज करून निकाल लावू नये. हे उदाहरणाने पटते. तीन परीक्षक, दहापैकी गुण. पहिला आणि दुसरा हात राखून देणारे, तिसरा टोकाचे देणारा. ‘अ’ चमूला मिळाले ७, ७ आणि ४. ‘ब’ ला ६, ६ आणि ९. बेरीज १८ आणि २१, ‘ब’ जिंकला. पण तिघांपैकी दोघांच्या मते ‘अ’ सरस होता. जो परीक्षक टोकाचे गुण देतो तोच निकाल ठरवतो, त्याच्या मनात काही नसले तरी. म्हणून गुणांवरून प्रत्येक परीक्षकाचा क्रम काढायचा आणि क्रमांची बेरीज करायची: ‘अ’ ला १, १, २ म्हणजे ४, ‘ब’ ला २, २, १ म्हणजे ५. कमी बेरीज वर. एखादा परीक्षक एखाद्या चमूपुरता बाजूला असेल तर बेरजेऐवजी सरासरी. वरचे चार निघाले की दार लावून वीस मिनिटे चर्चा, आणि तिथे मत बदलायची मुभा.

पहिल्या चमूला गुण कमी पडतात हेही ठरलेले. परीक्षक पुढच्यांसाठी जागा राखून ठेवतो. यावर उपाय म्हणजे स्पर्धेबाहेरची एक नमुना पिच आधी ठेवायची, गेल्या वर्षीच्या कोणाची तरी. परीक्षक तिला गुण देतात, एकमेकांचे पाहतात, हात बसतो. मग चिठ्ठ्या टाकून क्रम.

अंतिम फेरीत बारा चमू. पाच मिनिटे पिच, सहा मिनिटे प्रश्न, दोन मिनिटे उठबस. तेरा गुणिले बारा म्हणजे १५६ मिनिटे. सहा चमूंनंतर चहा-भज्यांना वीस मिनिटे. दहाला सुरू केले तर नमुना पिच धरून दीडला जेमतेम संपते, तेही दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्रास्ताविक दहा मिनिटांत उरकले तर. प्रमुख पाहुण्यांना सकाळी बोलवू नये, बक्षीस समारंभाला बोलवावे. पाहुणे पाऊण तास उशिरा आले की तो पाऊण तास प्रश्नोत्तरांतूनच कापला जातो, आणि प्रश्नोत्तरांशिवाय पिच म्हणजे वक्तृत्व स्पर्धा. टीव्हीवरच्या ‘शार्क टँक’मधले गुंतवणूकदार पाहून आलेली मंडळी प्रश्नोत्तरांत घासाघीस करायला लागतात. परीक्षकांना सांगून ठेवायचे, मंचावर सौदा नाही.

सगळ्या डेक आदल्या रात्री आठपर्यंत पीडीएफमध्ये घेऊन एकाच लॅपटॉपवर, फाइलच्या नावात क्रमांक. ‘माझ्या लॅपटॉपवर ॲनिमेशन आहे’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचे. व्हिडिओ वेगळे तपासायचे, आवाजासकट. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि टायमर यूपीएसवर हवेत. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंत प्रोजेक्टर बंद पडतो आणि पुन्हा तापायला तीन-चार मिनिटे घेतो. क्लिकरचे सेल नवे. घड्याळ बोलणाऱ्याला दिसेल असे खाली, आणि पाच मिनिटे झाली की घंटा. देवळातली छोटी घंटा मोबाईलच्या अलार्मपेक्षा बरी, तिच्यापुढे कोणी वाद घालत नाही.

आता बक्षीस. रोख रकमेचे दोन त्रास. थर्माकोलचा मोठा चेक हातात देऊन फोटो निघतो आणि खरा पैसा महिनोन्‌महिने येत नाही, कारण प्रायोजकाकडून रक्कम कार्यक्रमानंतर, बिल गेल्यावर, त्यांच्या वेळेने येते. आम्ही हे एकदा भोगलेय. तेव्हापासून पैसा खात्यात जमा झाल्याशिवाय रक्कम पोस्टरवर छापत नाही. टीडीएस कापायचा का, किती, हे सीएला विचारून नियमावलीत लिहून टाकायचे. दुसरा त्रास असा की एक लाख मिळाले की त्यातून लॅपटॉप येतो, गिऱ्हाईक येत नाही.

म्हणून रोख छोटी आणि मोठे बक्षीस चाचणी ऑर्डरचे. दुपारी दोन ते चार बाराही चमू टेबले लावून बसतात आणि हॉटेले, इस्पितळे, कारखान्यांची कँटीन यांचे खरेदीवाले फिरतात. आधीच्या तीन आठवड्यांत त्यांच्याकडून कबूल करून घेतलेले असते की प्रत्येकाने निदान एक ऑर्डर द्यायची. अर्ध्या पानाचे पत्र असते: माल काय, किती, कोणत्या भावाने, सहा आठवड्यांत कधी-कधी पोचवायचा, पैसे पंधरा दिवसांत, तक्रार कोणाकडे, आणि शेवटी खरेदीदाराने लेखी अभिप्राय द्यायचा. इथे चूक होते ती ही: हॉटेलचा जनरल मॅनेजर मंचावरून जाहीर करतो आणि खरेदी विभागाला पत्ताच नसतो. मुलगी माल घेऊन मागच्या दारावर उभी, आणि रखवालदार विचारतो, बाय, कोणी बोलावलेय तुला? पत्रावर खरेदीवाल्याचीच सही हवी.

चमूकडेही तयारी लागते. व्हेंडर म्हणून नोंद व्हायला पॅन, जीएसटी असल्यास तो क्रमांक, रद्द केलेला चेक आणि खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, हे सगळे एका फाइलीत त्या दिवशी बरोबर. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापायचा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३ साली आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे ही मुदत चुकली की पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. त्यांचा सीए तो क्रमांक पाहतो आणि चेक लवकर निघतो. ट्रेडिंग करणाऱ्यांना हे लागू नाही, तेही सांगून ठेवावे.

ज्यांचे काम अजून प्रयोगशाळेत आहे त्यांना ऑर्डरचा उपयोग नाही. त्यांना इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणाऱ्या केंद्राच्या, दारापर्यंत नेऊन सोडतो: फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजात ‘फायर’, वेर्ण्याला ‘सिबा’, साखळीकडे जीआयएमचे (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे) अटल इन्क्युबेशन सेंटर. नेऊन सोडतो म्हणजे खरेच गाडीत घालून. नुसता फोन नंबर दिला तर कोणी जात नाही. सरकारी अनुदानाचा विचार करणारे एक शंका काढतात, बक्षीस घेतले तर पुढे अपात्र ठरू का? २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत इतर सरकारी मदत १० लाखांपेक्षा जास्त नको अशी अट आहे, पण स्पर्धेतली बक्षिसाची रक्कम त्यात धरत नाहीत. त्या योजनेत कंपनी अर्जाच्या वेळी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते, ही तारीख मात्र लोक गाफील राहून चुकवतात. अर्ज सध्या खुले आहेत का तेही आधी पाहायचे.

नंतरचे काम मासिक बैठकीचे. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी सहाला, जागा तीच, दीड तास. तारीख विचारून ठरवायला गेले की बैठक मरते. दोन जण आपले काम दाखवतात, दहा-दहा मिनिटे, स्लाइड नाही, वस्तू आणायची. मग प्रत्येकाने तीस सेकंदांत एक मागणी सांगायची आणि जमल्यास एक देणे. हे एका वहीत लिहितो, चार रकाने: कोण, काय हवे, कोण देणार, झाले की नाही. पुढच्या बैठकीची सुरुवात चौथ्या रकान्यापासून. वर सांगितलेले बाटल्या भरायचे यंत्र असेच मिळते, कुंडईच्या एखाद्या कारखान्यात जे मंगळवारी बंद पडून असते. भाषण नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त मागणी आणि उत्तर. सुप्रभात टाकणाऱ्याला एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा काढायचे, मग तो कितीही मोठा असो.

जून ते सप्टेंबर चाळीस माणसे येतात. ऑक्टोबरपासून गळती, डिसेंबरात चार-पाच. तरी बैठक होते, फक्त खुर्च्या सहाच मांडायच्या.